सिस्टिमकाकांच्या चार गोळ्या

सिस्टिमकाकांना रोज चार गोळ्या घ्यायच्या असत, आणि ही गोष्ट काका सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होती. कुणी विचारलंच तर काका म्हणत, "मला? छे हो! एक बारीकशी गोळी असते रक्तदाबाची. तीसुद्धा डॉक्टरांचं मन राखायला." यात खोटं बोलायचा हेतू अजिबात नसे. सकाळी चहाच्या बशीच्या कडेला काकू जे काही ठेवत, ते काका पेपरातून मान वर न काढता तोंडात टाकत आणि वर एक घोट घेत. बशीत एखाद्या दिवशी शर्टाचं बटण असतं तर तेही बिनबोभाट पोटात गेलं असतं.

काकांना हे नाव इमारतीने दिलं होतं. ते एका विमा कंपनीच्या संगणक विभागातून निवृत्त झाले होते, आणि तिथे उभी हयात घालवल्यामुळे त्यांची एक श्रद्धा पक्की झाली होती. जे सिस्टिममध्ये आहे ते घडलेलं आहे, आणि जे सिस्टिममध्ये नाही ते घडलेलं नाही. एकदा एक गृहस्थ त्यांच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. सिस्टिममध्ये त्यांची नोंद मृत अशी झाली होती. काकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अत्यंत सहानुभूतीने सांगितलं, "मला दिसताय हो तुम्ही, पण सिस्टिमला दिसत नाही ना!" गृहस्थ बराच वेळ हातवारे करत होते. काकांनी ते सगळं ऐकून घेतलं, कारण स्वभावाने ते मऊ होते. पण नोंद काही बदलली नाही.

तर अशा या काकांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात राहत होती आणि तिला दिवस गेले होते. जावई जहाजावर. डॉक्टरांनी तिला सांगितलं, की आता अंथरुणातून उठायचं नाही. म्हणजे काकूंनी तिकडे जायला हवं, यात दुमत असण्याचं कारणच नव्हतं. लेकीने फोनवर विचारलं, "आई, कधी येतेस?" काकू म्हणाल्या, "येते गं, तोवर तुझी शेजारीण आहे ना," आणि फोन ठेवून काकांकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"तुमच्या गोळ्यांचं काय?"

"काय म्हणजे? एक गोळी. घेईन की."

"चार आहेत."

"चार? कधीपासून?"

"तुम्ही रिटायर झालात तेव्हापासून."

"आणि मला विचारलं नाही कुणी?"

"डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं. तुम्ही त्यांचं भिंतीवरचं घड्याळ बघत होतात. बाहेर आल्यावर मला म्हणालात, घड्याळ मागे आहे."

काकांना हे लागलं. आपल्याच पोटात आपल्याला न कळवता कुणीतरी वर्षानुवर्षं ये-जा करतंय, ही कल्पना त्यांना सहन होईना. त्यांनी आवाज चढवला, काकूंनी चढवला नाही, आणि नेहमीप्रमाणे काकू जिंकल्या. त्यांनी अट घातली. आजपासून त्या काकांच्या गोळ्यांना हात लावणार नाहीत. गोळ्यांची नवी पाकिटं काकांच्या टेबलाच्या खणात राहतील. आठवणही करणार नाहीत आणि खण उघडून बघणारही नाहीत. निघायच्या दिवसापर्यंत काकांनी आपलं आपण घेऊन दाखवायचं. "जमलं तर मी जाते. नाही जमलं तर तिला म्हणावं, बाई एखादी बघ सांभाळायला. मला इथे एक मोठं बाळ आहे."

आता दुसरा कुणी माणूस असता तर त्याने घड्याळाचा गजर लावला असता. अगदीच व्यवस्थित असता तर औषधाच्या दुकानातून कप्प्याकप्प्यांची डबी आणली असती. पण काका जन्मभर सिस्टिम चालवलेले. गजर लावणं हे त्यांना कपडे वाळत घालण्यासारखं हलकं काम वाटलं. त्यांनी ठरवलं, मोबाईलवर अ‍ॅप तयार करायचं. निवृत्तीनंतर त्यांनी व्हिडिओ बघून ही विद्या अर्धीमुर्धी शिकून ठेवली होती आणि ती वापरायची संधी शोधतच होते.

न्यायाची गोष्ट सांगायची तर पहिलं अ‍ॅप खरोखर छान झालं होतं. सकाळी घंटी वाजायची. पडद्यावर एकच बटण यायचं, चांगलं बशीएवढं, त्यावर लिहिलेलं 'घेतली'. ते दाबलं की हिरवी खूण. बस. काका इथेच थांबले असते तर ही गोष्टही इथेच थांबली असती.

पण ते अ‍ॅप उघडताना मोबाईल दर वेळी एक सूचना दाखवायचा, की हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे आणि यापासून तुम्हाला धोका होऊ शकतो. काकूंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "तो मोबाईल तुम्हाला आजचाच ओळखतो," त्या म्हणाल्या, "तरी बघा कसं नेमकं बोलला." शिवाय काकांनी त्यात अशी सोय केली होती, की गोळी घेतली की लेकीला तिकडे निरोप जावा, म्हणजे तिच्या जिवाला घोर नको. त्यासाठी ते तिच्या मोबाईलवरही असायला हवं. तिच्या मोबाईलने तर ते दारातूनच परत पाठवलं. मग एकच मार्ग उरला. अ‍ॅप रीतसर अ‍ॅपच्या दुकानात ठेवायचं. हे दुकान म्हणजे मोबाईलमध्येच असतं, तिथे शटर नसतं की गल्ला नसतो, पण काउंटरवरचा माणूस मात्र कुठेतरी असणार, कारण उत्तर अगदी काउंटरवरचंच आलं. आरोग्यविषयक अ‍ॅप एकट्यादुकट्या व्यक्तीला ठेवता येत नाही. नोंदणीकृत संस्था हवी.

काकांना नोंदणीकृत संस्था एकच माहीत होती. आपली इमारतीची सोसायटी.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले. बँकेतून निवृत्त होऊनही ते घराचं दार उघडण्यापूर्वी आतून तीन प्रश्न विचारत. ते म्हणाले, "नाव सोसायटीचं लागणार म्हणजे जबाबदारी सोसायटीची. ठराव लागेल." ठराव म्हणजे बैठक. बैठक खाली गाड्या लावतात तिथे भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, आणि काकांनी हातातला मोबाईल सगळ्यांसमोर धरून आपलं ते एका बटणाचं अ‍ॅप दाखवलं.

सगळ्यांनी माना पुढे काढून ते बटण बघितलं. मग तळमजल्यावरचे वकील म्हणाले, "एवढंच?"

माणसाच्या कामाचा पाणउतारा करायला यापेक्षा मोठा शब्द लागत नाही. काका कसनुसं हसले. वकील पुढे म्हणाले, "उद्या एखाद्याने बटण दाबलं आणि त्याला काही झालं, तर? कोण उभं राहणार कोर्टात? तुम्ही? आधी त्याची संमती घ्या. मी मसुदा देतो." आणि त्यांनी खरंच दिला. 'मी खाली सही करणार, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, सदर गोळी गिळत असून', इथून तो सुरू होत होता आणि लवकर संपत नव्हता.

बँकवाले म्हणाले, "पण गोळी घेणारा तोच माणूस आहे, हे कशावरून? ओटीपी हवा." काका म्हणाले, "अहो, माझी रक्तदाबाची गोळी चोरून कोण घेणार?" बँकवाले गंभीर झाले. "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले, आणि या विषयावर त्यांनी पुढे एक शब्दही सांगितला नाही. त्यामुळे सगळ्यांनाच भीती वाटली आणि ओटीपी मंजूर झाला.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, आणि म्हणताना थोडे सरळ बसत. बाईंचं म्हणणं पडलं, की माणसाला वळण लागतं ते कौतुकाने. गोळी घेतली की 'शाब्बास' असं यायला हवं. आणि नाही घेतली तर? तर कारण लिहायला हवं, स्वतःच्या शब्दांत, मुद्देसूद. घंटीच्या सुरावरून मात्र खरी जुंपली. वकिलांना खणखणीत हवी होती, बँकवाल्यांना बेताची आणि बाईंना शाळेची. शेवटी कुणाचंच मन मोडू नये म्हणून तिन्ही घंट्या एकामागून एक वाजवायचं ठरलं. विशेष म्हणजे प्रत्येक जण आपली सूचना मांडताना सुरुवात एकाच वाक्याने करत होता. "वापरायला अगदी सोपं झालं पाहिजे हं!"

ठराव एकमताने मंजूर झाला. मग अ‍ॅपच्या दुकानाने संस्थेच्या कार्यालयाचा फोटो मागितला. सोसायटीला कार्यालय कुठलं असणार? कागद ठेवायचं कपाट पाण्याच्या पंपाच्या खोलीत होतं. काकांनी पंपाच्या खोलीच्या दाराचा फोटो काढला. त्यावर 'धोका, हात लावू नये' असं लिहिलेलं होतं, तिथे बँकवाल्यांना उभं करून ती पाटी झाकली. अर्ज मंजूर झाला. काकूंनी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "गोळी आहे की घराची खरेदी?" पण अटीप्रमाणे पुढे काही बोलल्या नाहीत.

आता काकांची सकाळ कशी जाऊ लागली ते सांगायला हवं. आधी तिन्ही घंट्या वाजत. मग वकिलांची संमती येई. ती शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पुढे जाता येत नसे, आणि काका प्रामाणिकपणे वाचत. मग ओटीपी. तो येईपर्यंत चष्म्यावर वाफ धरलेली असायची, कारण दुसऱ्या हातात चहा. चष्मा पुसून होईतो ओटीपीची मुदत संपायची. पुन्हा पहिल्यापासून घंट्या. असं करत करत जेव्हा एकदाचं ते 'घेतली' बटण दिसे, तेव्हा काका ते असं दाबत, की टेबल हलायचं. हिरवी खूण येई. 'शाब्बास!' येई. तिकडे लेकीच्या मोबाईलवर निरोप जाई. काका खुर्चीत मागे टेकून समाधानाचा सुस्कारा सोडत आणि गार झालेला चहा पिऊन टाकत.

गोळ्या खणातच राहत.

यात कुठे लबाडी नव्हती, हे पुन्हा सांगायला हवं. इतकी यातायात करून हिरवी खूण मिळवल्यावर गोळी घ्यायची राहिली आहे, हे त्यांच्या मनाला शिवतही नसे. सिस्टिममध्ये 'घेतली' दिसत होतं, म्हणजे घेतली होती. दुपारी काकू स्वतःला न राहवून एवढंच विचारत, "झालं ना सकाळचं?" काका मोबाईल उघडून त्यांच्यासमोर धरत. "हे बघ. हिरवं." काकूंना बरं वाटे. त्यांनी माळ्यावरची बॅग काढली, पुसली, आणि रोज थोडं थोडं सामान भरायला लागल्या. बाळासाठी जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली. लेकीला फोनवर म्हणाल्या, "अगं, सुधारले तुझे बाबा. मलाच खरं वाटत नाही." काकांनी ते शेजारच्या खोलीतून ऐकलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण दोन घास जास्त गेलं.

निघायचा दिवस जवळ आला आणि बाईंची तक्रार आली. तिसरी घंटी, म्हणजे शाळेची, म्हणजे त्यांची, नीट वाजत नाही. अर्धवट वाजून थांबते. काका म्हणाले, "बघतो." काकांच्या विभागात तपासणीची एक पद्धत होती. वेगळं मशीन कधी मिळालं नाही, त्यामुळे खोट्या नोंदी खऱ्या सिस्टिममध्येच टाकून बघत. आधीच्या त्या मृत गृहस्थांचं प्रकरण असंच झालं होतं, पण ते असो. काकू खाली भाजी घ्यायला गेल्या आणि काका तपासणीला बसले. घंटी, संमती, ओटीपी, 'घेतली', शाब्बास. पुन्हा घंटी. मध्येच फोन वाजू लागला तर त्यांनी तो कापला. तपासणी चालू असताना फोन घ्यायचा नाही, हा विभागाचा नियमच होता. फोन पुन्हा वाजला, त्यांनी पुन्हा कापला. अकराव्या खेपेला शाळेची घंटी पूर्ण वाजली, आणि काकांनी एकट्यानेच टाळी वाजवली.

तिकडे दूरच्या शहरात अंथरुणावर पडलेल्या लेकीच्या मोबाईलवर निरोपांवर निरोप येत होते. 'बाबांनी रक्तदाबाची गोळी घेतली. शाब्बास!' एक नाही, दोन नाही, अकरा. आणि बाबा फोन उचलत नाहीत, उलट कापतायत. आई तर फोन घरीच विसरून गेली होती, तोही नुसताच वाजतोय. तिने काय करावं? जे कुणीही शहाणी मुलगी करेल ते केलं. रुग्णवाहिका पाठवली.

काकूंनी भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत पाऊल टाकलं तर दारात रुग्णवाहिका उभी आणि सगळी इमारत खाली. त्यांच्या हातून पिशवी पडायचीच बाकी होती. जिन्यावरून काका स्वतःच्या पायांनी खाली येत होते आणि त्यांच्यामागे स्ट्रेचर येत होतं.

"अहो, मी रुग्ण नाही!" काका सांगत होते.

रुग्णवाहिकेबरोबरचा माणूस हातात पाटी आणि कागद घेऊन शांतपणे चालत होता. "नाव हेच ना?" त्याने विचारलं.

"हेच."

"पत्ता हाच?"

"हाच."

"मग काका, रुग्ण तुम्हीच. रिकामी गाडी परत नेता येत नाही. यायचं नसेल तर नकाराची सही लागते, पण ती शुद्धीवर असलेल्या रुग्णाची."

काकांनी सहीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात वकिलांनी कागद घेऊन वाचला. "एक मिनिट. अकरा डोस घेतलेला माणूस शुद्धीवर आहे, असं कायद्याने म्हणता येणार नाही. ही सही टिकणार नाही."

"पण मी घेतल्याच नाहीत!" काका ओरडले.

त्या माणसाने लेकीने पाठवलेले निरोप आपल्या मोबाईलवर त्यांच्यासमोर धरले. "सिस्टिममध्ये अकरा दिसतायत, काका," तो सहानुभूतीने म्हणाला.

 जन्मात पहिल्यांदाच काका टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. त्यांनी फक्त स्ट्रेचरवर झोपायला ठाम नकार दिला आणि रुग्णवाहिकेत ताठ बसून राहिले. "घाबरायचं नाही, शाब्बास," बाईंनी खालून सांगितलं. काकूंनी वर धावत जाऊन खण उपसला, सगळी औषधं आपल्या पर्समध्ये कोंबली आणि धापा टाकत येऊन शेजारी बसल्या. वाटेत त्यांनी विचारलं, "खरं सांगा, किती घेतल्यात?" काका म्हणाले, "आज? आज..." आणि त्यांना पहिल्यांदाच शंका आली. त्यांनी मोबाईल काढला. काकूंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती आणि घाईत नव्हती. तिने काकांचा रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला. "बराच वाढलाय," ती म्हणाली. "अकरा गोळ्या घेतलेल्या माणसाचा खाली जायला हवा होता. औषधं दाखवा." काकूंनी पर्स टेबलावर उलटी केली. डॉक्टरने एकेक पाकीट उचलून बघितलं. "अकरा सोडा, यातली एकही गोळी गेलेली दिसत नाही. किती दिवस झाले?"

काकू काकांकडे बघू लागल्या. काका जमिनीकडे.

"मी जात नाही," काकू अगदी हळू म्हणाल्या. "तिला कळवते, मला जमणार नाही म्हणून." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काकांनी खिशातला रुमाल काढून त्यांच्यासमोर धरला. रुग्णवाहिकेचा माणूस दारात सहीसाठी उभा होता, त्याने कागद खाली केला.

डॉक्टर अजून पाकिटं चाळत होती. "ही यांची नाही," ती म्हणाली. "ही हृदयाच्या ठोक्यांची गोळी आहे. कुणाची?"

"ती राहू दे," काकू पटकन म्हणाल्या. "ती माझी. पर्समधलीच आहे."

"पण हे पाकीट उघडलेलंच नाही. कधी लिहून दिली?"

"झाले काही महिने. घेणारच आहे. यांच्या चार काढून देईपर्यंत दूध उतू जातं, मग दारावर कुणीतरी येतं, मग राहूनच जातं." काकू किंचित हसल्या. "मला कोण बशीत ठेवणार?"

त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं. गाडी आज उशिरा आहे म्हणावं, तसं म्हटलं होतं. पण काकांना इतकं वाईट वाटलं, की त्यांना बसायला खुर्ची शोधावी लागली. गोळीसाठी त्यांनी वकिलांची संमती घेतली होती, सोसायटीचा ठराव घेतला होता, पंपाच्या दाराचा फोटो काढला होता. आणि एवढ्या खटाटोपात आपल्या बायकोला कसलं औषध चालू आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

डॉक्टरने काकूंची नाडी धरली, छातीवर पट्ट्या लावून कागद काढला, आणि म्हणाली, "काका घरी गेले तरी चालतील. तुम्हाला आज ठेवून घ्यावं लागेल." रुग्णवाहिकेच्या माणसाला हे पटेना. त्याच्या कागदावर एक रुग्ण लिहिला होता आणि दाखल होत होता दुसराच. शेवटी त्याने काकांचं नाव खोडून त्यावर काकूंचं लिहिलं. काकांनी त्याला अजिबात विरोध केला नाही, आणि नातेवाईक म्हणून खाली सही केली.

लेकीला त्यांनी स्वतः फोन केला. "मी ठीक आहे," ते म्हणाले. मग आईला का ठेवून घेतलंय, हे सांगता सांगता त्यांच्या नाकी नऊ आले.

संध्याकाळी काकूंना जरा हुशारी वाटू लागली. काका कॉटशेजारी स्टुलावर बसले होते. "तिला नको म्हणून कळवलंत ना?" काकूंनी विचारलं.

"नाही. डॉक्टर दोन दिवसांनी सोडते म्हणाली, गोळी नियमित घेतलीस तर. तू जायचंस."

"आणि तुमच्या गोळ्या?"

"घेईन."

"माझा विश्वास नाही."

"माझा तरी तुझ्यावर कुठे आहे?" काका म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी प्रथमच उच्चारलं होतं. "रोज सकाळी मी फोन करणार. फोन कानाला लावून आपण दोघांनी घ्यायच्या. नुसतं 'घेतली' म्हटलेलं चालणार नाही. मला पाण्याचा घोट ऐकू आला पाहिजे."

काकूंनी कॉटवर उठून बसत पदर नीट केला. "चार घोट," त्या म्हणाल्या. "तुमच्या चार आहेत. मी मोजणार."

अशा रीतीने परस्परांवरच्या संपूर्ण अविश्वासाच्या भक्कम पायावर काकू लेकीकडे गेल्या. जाताना त्यांनी शेजाऱ्यांना काकांवर लक्ष ठेवायला सांगितलं नाही. शेजारी त्यामुळे थोडे नाराज झाले. बँकवाल्यांनी विचारलं, "मग अ‍ॅपचं काय?" काका म्हणाले, "सोसायटीच्या नावावर आहे, सोसायटीने बघावं." सोसायटीने बघितलं. अ‍ॅप आता खाली गाड्या लावण्यासाठी वापरतात. गाडी नीट लावली की शाब्बास येतं, वाकडी लावली की मुद्देसूद कारण लिहावं लागतं, आणि सगळे म्हणतात, की वापरायला फार अवघड आहे.

इकडे रोज सकाळी काका पाण्याचा पेला आणि चार गोळ्या समोर मांडून फोन लावत. "पहिली," काकू म्हणत. घोट. "दुसरी." घोट. एकदा काकांनी नुसतंच पाणी पिऊन बघितलं, पण काकूंनी ते ओळखलं. कसं ओळखलं, हे काकांना आजतागायत कळलेलं नाही. मग काका म्हणत, "आता तू," आणि कान देऊन ऐकत बसत. तिकडे काकूंचा एक घोट होई, आणि तो ऐकू आल्याशिवाय काका दुसरं काही बोलत नसत.

आणि एके सकाळी त्यांनी फोन लावला तर मागे नुसती धावपळ ऐकू येत होती. ट्रॉलीची चाकं, कुणीतरी कुणाला हाक मारतंय, दारं उघडतायत.

"कुठे आहेस? काय चाललंय?" काका उभे राहिले.

"आधी गोळ्या घ्या."

"अगं, पण ती कशी आहे?"

"पहिली," काकू म्हणाल्या.

काकांनी पहिली घेतली. पाणी शर्टावर सांडलं. दुसरी घेतली. तिसरी घशात अडकली, खोकला आला, ती कशीबशी उतरवली. चौथी पेल्याजवळून घरंगळून टेबलाखाली गेली, काका गुडघ्यांवर बसून ती शोधू लागले.  सापडली. पुसली. घोट.

"चार," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम फुटला. "अहो, मुलगी झाली. दोघी छान आहेत. आत्ता, आत्ता मला हातात दिली होती. आजोबा झालात तुम्ही!"

काका जमिनीवरच बसले होते. एका हाताने त्यांनी टेबलाचा पाय धरला होता. डोळे भरून आले होते आणि समोरचं काही नीट दिसत नव्हतं. खूप काही विचारायचं होतं, नाक कुणासारखं, वजन किती, रडते का.

"ऐकताय ना?" काकूंनी विचारलं. "बोला की काहीतरी!"

"ऐकतोय," काका म्हणाले. "तुझी घेतलीस?"

पलीकडे काकू रडता रडता हसायला लागल्या. पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला, पाकीट फाटल्याचा आला, कुणाकडे तरी पाणी मागितल्याचा आला. काका फोन कानाशी घट्ट धरून थांबले. मग घोट ऐकू आला, आणि ते मोकळेपणाने रडले.